येईल त्याला घेणारं शेल्टर: पुढच्या फाटकापासून मागच्या दारापर्यंत

शहरात प्राण्यांची शेल्टर दोन तऱ्हेची असतात. पहिली निवडून घेतात. गोंडस पिल्लू चालेल, चावरा म्हातारा नको, आणि जागा भरली की फाटकावर ‘फुल’ची पाटी. दुसरी तऱ्हा येईल त्याला घेते. रिक्षाखाली आलेलं मांजर, खरजेने केस गेलेलं कुत्रं, मालकाची बदली झाली म्हणून आणून सोडलेला आठ वर्षांचा लॅब्रडोर, मांजात पंख कापलेली घार, सगळ्यांना एकच फाटक. अमेरिकेत याला ‘ओपन ॲडमिशन’ म्हणतात आणि तिथली बहुतेक सरकारी शेल्टर अशीच चालतात. आपल्याला ही कल्पना परकी नाही. भटके कुत्रे मारण्याच्या हुकमावरून १८३२ मध्ये मुंबईत पारशी मंडळींनी दंगल केली आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरापोळ उभा राहिला. नकोसं जनावर मारायचं नसेल तर ते कुठेतरी ठेवावं लागतं, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

ठेवायचं म्हणजे किती दिवस, हा त्या हिशेबाचा पुढचा आकडा. तो धरला नाही की शेल्टरचा कोंडवाडा होतो. पुढचं फाटक उघडं ठेवायचं असेल तर मागचं दार वाहतं हवं. खालचा सगळा मजकूर याच एका गोष्टीसाठी आहे: जनावर शक्यतो आत येऊच नये, आलंच तर पहिल्या अर्ध्या तासात त्याची वाट ठरावी, आणि ते लवकरात लवकर बाहेर पडावं. शेल्टर चालवणारे आणि शेल्टरला फोन लावणारे, दोघांच्याही उपयोगाचं यात आहे.

पिंजऱ्यांचा आणि माणसांचा हिशेब

रोज सरासरी किती जनावरं येतात याला एक जनावर सरासरी किती दिवस राहतं याने गुणा. रोज ६ आली आणि प्रत्येक ४० दिवस राहिलं तर आत कायम २४० असणार. पिंजरे १५० असतील तर उरलेली ९० एकमेकांच्या पिंजऱ्यात कोंबली जातात, आणि तिथूनच भांडणं, खरूज आणि पार्व्हो (कुत्र्यांचा रक्ती जुलाबांचा विषाणूजन्य आजार) सुरू होतो. मुक्काम ४० वरून २५ दिवसांवर आणला की तीच सहाची आवक १५० पिंजऱ्यांत बसते. नवी शेड बांधायला देणगीदार मिळतो, कारण शेडवर नाव कोरता येतं. मुक्काम कमी करायला कोणी देणगी देत नाही, पण फरक त्यानेच पडतो. म्हणून रोज सकाळी एक फेरी फक्त याच प्रश्नासाठी मारायची: प्रत्येक पिंजऱ्यासमोर उभं राहून, ‘हा आज इथे कशासाठी थांबलाय?’ उत्तर ‘टाके सुकायचेत’ असेल तर ठीक. उत्तर ‘डॉक्टरांनी बघितला नाही अजून’ असेल तर तो दिवस फुकट गेला.

माणसांसाठी अमेरिकेतल्या शेल्टरांमध्ये रूढ असलेला ठोकताळा इथेही चालतो: एका जनावरामागे रोज १५ मिनिटं, त्यातली ९ साफसफाईची आणि ६ जेवणाची. १५० जनावरांना २,२५० मिनिटं, म्हणजे साडेसदतीस तास. एक माणूस प्रत्यक्षात साडेसात तास हात चालवतो असं धरलं तर रोज पाच माणसं लागली. यात ड्रेसिंग, औषधं, फोन, दत्तक काहीही नाही. दोन माणसांवर १५० पिंजरे चालवत असाल तर काहीतरी राहतंय, आणि बहुतेक वेळा राहतो तो आजारी कप्पा.

फोन आला की

निम्म्या फोनमध्ये जनावर उचलावंच लागत नाही. हे फोनवरच कळलं तर एक पिंजरा, एक गाडीफेरी आणि बऱ्याचदा एक जीव वाचतो.

मांजरीची पिल्लं हे सगळ्यात मोठं उदाहरण. पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीमागे पिल्लं दिसली की लोक खोक्यात भरून आणतात. आई तेव्हा खायला शोधायला गेलेली असते. पिल्लं स्वच्छ, उबदार, पोट गोल आणि शांत झोपलेली असतील तर लांबून तीन-चार तास लक्ष ठेवायला सांगा. सतत केकाटत असतील, हाताला गार लागत असतील, अंगाला मुंग्या लागल्या असतील तर मात्र उचला.

उचललेलं पिल्लू गार असेल तर त्याला आधी ऊब द्यायची, दूध नंतर. हा क्रम चुकला की पिल्लू दगावतं, कारण थंड पडलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. दूध पोटात तसंच राहतं किंवा उलटून फुप्फुसात जातं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवा. गरम वाटलं तर सरकायला अर्धा भाग मोकळा हवा. पिल्लू गरम होऊन तोंड हलवायला लागलं की मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर कोमट पाण्यात कालवून द्या. १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी ४ मिलीच्या आसपास, आणि दोन आठवड्यांच्या आतलं असेल तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू पालथंच हवं, आई दूध पाजते तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं. गाईचं दूध दिलं तर जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसत राहायचं. आई चाटते तेव्हाच त्यांना शी-शू होते, आपोआप होत नाही. रोज त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढ हवी. एक दिवस वाढलं नाही तर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

पक्ष्यांचं उलटं. उन्हाळ्यात झाडाखाली दिसणारं, अंगावर पिसं आलेलं पिल्लू बहुधा उडायला शिकत असतं आणि आई-बाप वरून ओरडत असतात. मांजर-कुत्र्यापासून जरा उंच फांदीवर ठेवायचं आणि निघायचं. संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेल्या पक्ष्याचा मांजा ओढून काढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, पंखात रुतलेला तसाच राहू द्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि चोचीत पाणी ओतू नका. उंचावर लटकला असेल तर अग्निशमन दल, १०१. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी जानेवारीतले फोन काही थांबलेले नाहीत.

साप, माकड, घार, कासव ही वन्यजीवांची कामं. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट आणि चांदणी कासव ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. घरात पाळताच येत नाहीत. कोणी ते आणून दिलं तर उलटतपासणी करून घाबरवू नका. घाबरलेला माणूस कासव पवईच्या नाहीतर कुठल्यातरी तळ्यात सोडतो, आणि चांदणी कासव जमिनीवरचं आहे, ते पाण्यात बुडून मरतं.

जखमी कुत्र्याचा फोन आला तर फोन करणाऱ्याला तिथेच थांबायला सांगा. हे एक वाक्य विसरलं की गाडी तासभर गल्ल्या हिंडते आणि कुत्रं कुठल्यातरी गटारात जाऊन बसलेलं असतं. माणूस स्वतःच आणणार असेल तर आधी तोंड बांधायला सांगा. वेदनेत असलेलं जनावर स्वतःच्या मालकालाही चावतं. ओढणी किंवा मीटरभर बँडेजची पट्टी घ्या, सैल फास करून लांबूनच नाकाडावर सरकवा, डोळे आणि नाकपुड्या यांच्या मधोमध आवळा, टोकं हनुवटीखाली नेऊन एकदा वळसा घाला आणि कानांमागे सुटी गाठ मारा. गाठ एका झटक्यात सुटली पाहिजे. उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा तोंडाला जखम असेल तर तोंड बांधायचं नाही. मग चादरीत गुंडाळून, शक्य तर फळीवर किंवा प्लायवुडच्या तुकड्यावर सरकवून आणायचं. मागचे पाय लुळे दिसले तर काखेत धरून उचलू नका, मणका आणखी तुटतो.

घरगुती औषधं देऊ नका, हे फोनवर दोनदा सांगा. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मांजर मारायला पुरते. कुत्र्याचं गोचीड मारायचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावलं तर झटके येतात आणि बरीच मरतात. जखमेत अळ्या पडल्यावर लोक पेट्रोल, रॉकेल, फिनाईल ओततात. अळ्यांसोबत मांसही जळतं, आणि जनावर ते चाटून वर विषबाधा करून घेतं. जखम कापडाने झाका, माश्या बसू देऊ नका, आणि लगेच आणा.

काउंटरवरचा अर्धा तास

कार्ड आधी, पिंजरा नंतर. जनावर आत गेलं आणि कार्ड राहिलं की ते जनावर हरवलं असं समजा. कार्डावर तारीख, वेळ, फोटो (समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक), नर-मादी, अंदाजे वय, वजन, चावलंय का आणि कोणाला, आणि जागा. जागेच्या बाबतीत कर्मचाऱ्यांना सगळ्यात जास्त छळा. ‘स्टेशनजवळ’ लिहिलेलं कार्ड रद्दी आहे. ‘पूर्वेकडच्या जिन्याखाली, वडापावच्या गाडीमागे’ असं हवं, सोबत मोबाइलवरचा नकाशाचा पिन. बरं झाल्यावर त्या कुत्र्याला तिथेच सोडायचंय. शंभर मीटर इकडेतिकडे झालं तर दुसऱ्या टोळीच्या हद्दीत पडतं आणि फाडलं जातं.

पट्टा असो नसो, मायक्रोचिपचं (कातडीखाली टाकलेल्या, मालकाचा पत्ता लावणाऱ्या चिपचं) स्कॅनर फिरवाच. चिप खांद्यांच्या मधे टाकतात, पण कालांतराने सरकते, म्हणून मानेपासून कोपरांपर्यंत आणि छातीखालून, हळूहळू, दोनदा. आपल्याकडे चिप असलेले कुत्रे थोडे, हे खरं. म्हणून पट्ट्याच्या आतल्या बाजूलाही बघायचं. पुष्कळ लोक बॉलपेनने फोन नंबर लिहून ठेवतात.

त्यानंतर लगेच, जनावर अजून टेबलावर असतानाच, लस. कुत्र्याला डिस्टेंपर (हाही कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) आणि पार्व्होची एकत्रित, मांजराला तीन विषाणूंवरची तिहेरी. ‘उद्या डॉक्टर येतील तेव्हा’ ही इथली सगळ्यात महागडी सवय. पार्व्होचा विषाणू शेल्टरच्या जमिनीवर असतोच, लसीला काम करायला तीन-चार दिवस लागतात, आणि लस एक दिवस उशिरा दिली म्हणजे विषाणूला एक दिवस आगाऊ दिला. चार ते सहा आठवड्यांच्या पिल्लापासून सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी, ते सोळा-वीस आठवड्यांचं होईपर्यंत. मधे थांबता येत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लस निकामी करते आणि ती नेमकी कधी संपते हे बाहेरून दिसत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. जंताचं औषध आणि गोचीड-पिसवांचं औषध त्याच टेबलावर, वजन बघून. अंदाजपंचे डोस देऊ नका. वजनकाटा तीन-चार हजारांना मिळतो.

मालक स्वतः जनावर सोडायला येतो तेव्हा टेबलावरचं काम वेगळं. त्याला भाषण द्यायचं नाही. एकच प्रश्न, नीट आवाजात: ‘ही अडचण सुटली तर ठेवाल का?’ पुष्कळ जण ‘हो’ म्हणतात. अडचण बहुतेक वेळा सोसायटीची असते. चेअरमननी नोटीस दिली, लिफ्ट बंद केली, दंड लावला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही, आणि लिफ्टला मज्जाव करता येत नाही. त्या पत्रकाच्या दहा-वीस प्रती काउंटरवरच ठेवा. मालकाकडे महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचं कार्ड आहे का बघा. नसेल तर आधी ते, कारण कागद पुरे असलेल्या माणसाशी चेअरमनही जपून बोलतो. कधी अडचण पैशांची असते, महिन्याच्या खाण्याची किंवा एका ऑपरेशनची. पाच किलो खाऊ आणि सवलतीची नसबंदी देऊन तो कुत्रा घरीच राहिला, तर शेल्टरला त्याच्या दीड महिन्याच्या मुक्कामापेक्षा स्वस्त पडतं. तातडी नसेल तर आठवड्यानंतरची वेळ द्या. तेवढ्यात कोणा मावशीकडे, मित्राकडे सोय लागते.

तरी द्यायचाच असेल तर घ्या, आणि चेहरा वाकडा न करता घ्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. काउंटरवर अपमान झालेल्या माणसाला हायवेवर गाडीचं दार उघडणं त्याहून सोपं वाटतं. घेताना लेखी मालकीहक्क सोडल्याचं पत्र, लसीचं कार्ड, कोणत्या नावाने ऐकतो, काय खातो, मुलांशी, मांजरांशी कसा, कोणाला कधी चावला, सगळं लिहून घ्या. चावण्याबद्दल ‘कधीच नाही’ असं उत्तर मिळतं. प्रश्न बदला: ‘ताटलीला हात लावला तर काय करतो? नखं कोण कापतं?’ खरी माहिती तिथे निघते.

रेबीज

इथे घाई आणि कंटाळा दोन्ही नको. कर्मचारी, स्वयंसेवक, गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांना कामावर येण्याआधीच लस: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. लस घेतलेला माणूस पुढे चावला गेला तर ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही.

चावा किंवा ओरखडा लागला की पहिलं काम साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. मग सरकारी दवाखाना. कातडीतली लस ०, ३, ७, २८ आणि स्नायूतली ०, ३, ७, १४, २८ अशा दिवशी देतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस वेगळं ठेवून बघतात, कारण चावताना लाळेत विषाणू असेल तर ते कुत्रं दहा दिवसांत आजारी पडून मरतं. पण माणसाने त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नाही. लस पहिल्या दिवशीच सुरू, पुढचं डॉक्टर ठरवतील.

फसवणारं रूप हे की सगळी रेबीज झालेली कुत्री पिसाळून धावत नाहीत. काही गप्प पडतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, पाणी पिता येत नाही. ‘गळ्यात हाडूक अडकलंय, जरा बघा’ म्हणून लोक आणतात, आणि दयाळू माणूस तोंडात हात घालतो. जबडा लोंबणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात कोणीही हात घालायचा नाही, कितीही लहान पिल्लू असलं तरी. वेगळा पिंजरा, दोन कुलपं, पाटी, आणि आणणाऱ्याचं नाव-फोन, कारण त्याला आणि त्याच्या घरच्यांनाही लस लागेल.

धुणं-पुसणं

आपल्याकडे साफसफाई म्हणजे फिनाईलचा वास. शेल्टरमध्ये हा वास म्हणजे धोक्याची खूण. काळ्या-पांढऱ्या फिनाईलवर पार्व्होसाठी भरवसा ठेवता येत नाही, आणि मांजराला तर ते विषच. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, आणि मांजर पंजे चाटतंच. हायपोक्लोराइट (ब्लीच) वापरा. चार-पाच टक्क्यांचं द्रावण कॅनमधून मिळतं. त्याचं ३० मिली एक लिटर पाण्यात. क्रम असा: आधी शी, केस, उरलेलं अन्न कोरडंच काढा, साबणाने घासा, पाण्याने धुवा, मग हायपो लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या, परत धुवा आणि वाळवा. शी तशीच ठेवून वर हायपो ओतला तर त्याची ताकद त्या शीवरच खर्च होते आणि विषाणू जिवंत राहतो. द्रावण रोज सकाळी नवं; उन्हात ठेवलेली बादली दुपारपर्यंत नुसतं पाणी होते. ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, निघणारा वायू जीवघेणा असतो. जनावर पिंजऱ्यात असताना पाइपने धुऊ नका.

धुण्याची दिशा ठरलेली: आधी निरोगी पिल्लं, मग निरोगी मोठी, मग नव्याने आलेली, शेवटी आजारी कप्पा. उलट आलात तर बुटांवरून पार्व्हो पिल्लांकडे गेला. आजारी कप्प्याचे झाडू, बादल्या, गमबूट वेगळे, आणि वेगळ्या रंगाचे. नुसतं ‘वेगळे ठेवा’ सांगून वेगळे राहत नाहीत, लाल बादली मात्र लगेच ओळखू येते. डिस्टेंपरची लक्षणं दिसायला दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून नव्या कुत्र्याला किमान १४ दिवस बाजूला. पावसाळ्यात पाणी तुंबलं की उंदीर आणि कुत्र्यांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा एक आजार) माणसाला होतो. पायाला जखम असलेल्याने त्या दिवशी धुण्याचं काम करू नये. कोणाला ताप आला तर डॉक्टरला ‘शेल्टरमध्ये काम करतो’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

मांजरांचे पिंजरे रोज पूर्ण धुऊ नका. शी काढा, अंथरूण झटका, स्वतःचा वास असलेलं एक फडकं तसंच ठेवा. रोज सगळं उपसलं की मांजर खाणं सोडतं.

जेवणाबद्दल थोडक्यात: २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम शिजवलेला भात आणि २५० ग्रॅम उकडलेलं बिनहाडाचं चिकन, दोन वेळांत. कांदा-लसूण नाही, शिजवलेली हाडं नाहीत. हाडं-कातडं झालेल्या कुत्र्याला दया येऊन पोटभर घातलं तर रक्तातले क्षार ढासळून ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरू शकतं. पहिल्या दिवशी नेहमीच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी, पाच-सहा वेळा विभागून, आणि चार-पाच दिवसांत हळूहळू वर.

परत जागेवर, आणि न परतणारे

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी १० मार्च २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत: नसबंदी, रेबीजची लस, कानाला खाच, आणि उचललं त्याच जागी परत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला, रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्रे वगळून, हेच कायम ठेवलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-कॉलेज, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून उचललेले कुत्रे तिथे परत सोडायचे नाहीत असं ठरलं. म्हणजे शेल्टरचा वरचा गुणाकार बदलला: या कुत्र्यांना मागचं दारच नाही, मुक्काम जन्मभराचा. त्यांचे पिंजरे बाकीच्या हिशेबात धरू नका. वेगळे मोजा आणि त्यांचा खर्च महापालिकेकडे वेगळा मागा.

‘आमच्या गल्लीतली सगळी उचला’ असा फोन आला तर सांगायचं काय? जागा रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतली, नसबंदी न झालेली येतात आणि सहा महिन्यांत पिल्लं होतात. गल्लीतल्या दहापैकी तिघांचीच नसबंदी केली तर काही फरक दिसत नाही. एका आठवड्यात निदान सात जणांची करायला हवी. म्हणून तक्रारदाराला आणि खायला घालणाऱ्या बाईंना, दोघांनाही, एकाच दिवशी बोलवा. कुत्री किती, कोणती पकडायला अवघड, हे फक्त बाईंना माहीत असतं, आणि त्यांच्या हाकेनेच ती गाडीपर्यंत येतात. पिल्लं आठ आठवड्यांच्या आतली असतील तर दूध पाजणारी आई उचलू नका.

येईल त्याला घेणाऱ्या शेल्टरमध्ये न वाचणारीही येतात. त्याबद्दल लपवाछपवी करू नये. नियमांप्रमाणे असाध्य आजारी किंवा मरणप्राय जखमी कुत्र्याला, तपासून ठरवल्यावर, पात्र पशुवैद्यकाने सोडियम पेंटोबार्बिटालसारख्या वेदनारहित पद्धतीने आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर न करता मरण द्यायचं असतं. जागा नाही हे कारण चालत नाही. निर्णय दोघांनी लिहून सही करायचा, कारण कार्डावर. आणणाऱ्या माणसाने विचारलं तर खरं सांगा.

हरवलेलं जनावर, आणि नवं घर

दिवाळीत फटाक्यांना बुजून कुत्री पळतात. शेल्टरला फोन करून ‘काळा-पांढरा पॉमेरेनियन’ विचारू नका. फोन उचलणाऱ्याच्या मते तो ‘पांढरा स्पिट्झ’ असू शकतो. दर दोन दिवसांनी स्वतः जाऊन पिंजरे बघा. एक-दोन किलोमीटरच्या आतले वॉचमन, चहावाले, कचरा गोळा करणारे यांना फोटो छापून द्या. कुत्रा दिसला तर मागे धावू नका. खाली बसा, तोंड दुसरीकडे करा, खाऊची पिशवी चुरचुरवा. घरातलं मांजर हरवलं तर ते बहुधा दोन-तीन इमारतींच्या आत, गाडीखाली, डक्टमध्ये, जिन्याखाली गप्प बसलेलं असतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. रात्री दोननंतर, रहदारी थांबल्यावर, टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरून फिरा. मांजराच्या डोळ्यांची चमक आधी दिसते.

दत्तक देताना लांबलचक फॉर्मपेक्षा दहा मिनिटांचं बोलणं उपयोगी. घरात दिवसभर कोण असतं, गावाला गेल्यावर कोण बघणार, घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का. भाड्याचं घर, नोकरी करणारी जोडपी, एकटे म्हातारे, यांना सरसकट नकार देणारी शेल्टर भरलेलीच राहतात. म्हाताऱ्या आजोबांना सहा महिन्यांचं पिल्लू देऊ नका, आठ वर्षांचा शांत कुत्रा द्या. नसबंदी, लस आणि जंताचं औषध झाल्याशिवाय बाहेर सोडू नका. ‘नंतर करून घेऊ’ म्हणणारे बहुतेक परत येत नाहीत.

घरी नेल्यावर कुत्र्याला पहिले दोन आठवडे दोन पट्टे, एक गळ्याला आणि एक हार्नेसला, कारण पहिल्या तीन दिवसांत गाडीचं दार उघडताच निसटून जाणारे पुष्कळ. मांजराला आठवडाभर एकच खोली, पलंगाखाली बसलं तर बसू द्या, खिडक्यांना जाळी आधीच लावलेली. तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन करा. जमत नाही म्हणून परत आणलं तर घ्या, आणि त्या घरात तो काय करत होता ते विचारून कार्डावर लिहा: रात्री एकटा ठेवला की रडतो, प्रेशर कुकरच्या शिट्टीला घाबरतो, लहान मुलींशी छान. पुढचं घर शोधताना शेल्टरमधल्या महिनाभराच्या निरीक्षणापेक्षा या तीन ओळी जास्त कामाच्या असतात.